बायकांच्या बाजूचं कुलूप

दिवाळे गावची गोजराबाई मासळी घेऊन मंडईत बसली, की सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंत पाण्याचा थेंब तोंडात घालत नसे. यात उपासतापास काही नव्हता. मंडईतली एकही बाई घालत नसे. पाणी प्यायलं की जावं लागतं आणि जायला जागा नाही, एवढं साधं गणित. ते शिकायला कुणी शाळेत गेली नव्हती.

आधी असं नव्हतं. मंडई बांधली नव्हती तेव्हा या बायका रस्त्याच्या कडेला गोणपाट टाकून बसत. मागे खाडीचं खाजण होतं, चिपीची, म्हणजे खारफुटीची, दाट झाडी होती. गोजरा आणि तिच्या शेजारी बसणारी राहीबाई, दोघींची ठरलेली पद्धत होती. एक झाडीत जाऊन येई, तोवर दुसरी दोन्ही पाट्या सांभाळी. तीस वर्षं दोघींनी एकमेकींच्या पाट्या अशा सांभाळल्या, आणि सख्ख्या बहिणी सांगणार नाहीत अशा गोष्टी त्या झाडीच्या निमित्ताने एकमेकींना सांगितल्या. मग खाजणात भराव पडला, झाडी गेली, बिल्डिंगी आल्या आणि बिल्डिंगींबरोबर कॅमेरे आले.

मग मंडई आली. ती उगीच नाही आली. गोजराने बायका जमवून हापिसांचे उंबरे झिजवले, साहेबांच्या दारात पाट्या मांडल्या, तेव्हा कुठे आली. ओट्यांना टाइल्स, वर पंखे, आणि मागच्या अंगाला स्वच्छतागृह. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला महिला, दारावर वेणीवालीचं चित्र. फीत कापली त्या दिवशी राहीबाई ते चित्र बघून म्हणाली होती, "गोजरे, आता मरायला मोकली." बायकांची बाजू आठ महिने चालली. नंतर तिला कुलूप लागलं.

ते कुलूप गोजराच्या पोराचं होतं.

विपुल तसा वाईट मुलगा नव्हता, असं गोजरा म्हणे. म्हणणारच, आपला तो बाब्या. गावच्या जमिनी गेल्या, तर गावच्या पोरांना कामं मिळाली पाहिजेत, असं तो सभेत तावातावाने बोले. त्या बोलण्यातून त्याची एक संस्था निघाली आणि संस्थेला मंडईचं स्वच्छतागृह चालवायला मिळालं. पुरुषांच्या बाजूला गिऱ्हाईक होतं, रिक्षावाले होते, पैसे सुटत. बायका मात्र ओट्यावरच्याच, त्यांच्याकडून घ्यायचं काय? वर पाणी जास्त, साफसफाई जास्त. विपुलने डोकं चालवलं आणि बायकांची बाजू एका मासळीच्या व्यापाऱ्याला थर्माकोलचे खोके ठेवायला भाड्याने दिली. कुंपणानेच शेत खाल्लं, आणि वर शेताला कुलूप लावलं.

बायका गोजराला विचारत. ती म्हणे, "मोटर जलली हाय. सांगितलाय विपुलला." दीड वर्षं ती मोटर जळलेली होती. बायका काही दुधखुळ्या नव्हत्या. पण ओटे मिळवून देणारी हीच, ओट्याची पावती नसताना ती मिळवून देणारीही हीच. तिच्या तोंडावर कोण बोलणार? एकदोघी लांबच्या मॉलमध्ये जाऊन आल्या. तिथल्या वॉचमनने मासळीचा वास येतो म्हणून मागच्या गेटने जा सांगितलं, आणि मागचं गेट बंद होतं. तेव्हापासून बायकांनी पाणीच सोडलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. फरक एवढाच, की इथे बुक्के पोटाच्या आतून बसत होते.

कारण पाणी सोडलं तरी शरीर सोडत नाही. चार-चार दिवस पोट साफ होईना. गोजराला तर रक्त पडायला लागलं. आठवडाभर ते तिने लपवलं, मग सून सुचिता तिला ओढूनच बेलापूरच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी तपासलं, घाबरण्यासारखं काही नाही म्हणाल्या, आणि विचारलं, "पाणी किती पिता?"

"पितंय की," गोजरा म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या सुकलेल्या ओठांकडे पाहिलं आणि इसबगोल लिहून दिलं. महिन्याने पुन्हा दाखवायला सांगितलं.

सुचिता मेडिकलच्या दुकानात काउंटरवर काम करायची. औषध नुसतं हातात देणं तिला जमत नसे. त्या संध्याकाळी तिने सासूला स्वयंपाकघरात पाटावर बसवलं, एका वाटीत चमचाभर इसबगोल घातलं, त्यावर जेमतेम दोन चमचे पाणी शिंपडलं आणि भाजी चिरायला घेतली. भाजी चिरून झाल्यावर तिने ती वाटी सासूसमोर पालथी धरली. आतून काही पडलं नाही. पावडरीचा खळीसारखा घट्ट गोळा होऊन तो वाटीच्या बुडाला चिकटून बसला होता.

"हे असं पोटात होतं, आई," सुचिता म्हणाली. "हे पाणी पिऊन फुगतं. भरपूर पाणी मिळालं तर मऊ होऊन पुढे सरकतं, स्वतःबरोबर सगळं घेऊन जातं. पाणी नाही मिळालं तर आतच बूच बसतं. म्हणून दोन चमचे मोठ्या ग्लासभर पाण्यात ढवळायचं आणि लगेच प्यायचं. वरून आणखी एक ग्लास. शिवाय दिवसभर पाणी चालू ठेवायचं. तुमच्या प्रेशरच्या गोळीत आणि यात दोन तासांचं अंतर. पहिल्याच दिवशी फरक पडणार नाही, दोन-तीन दिवस लागतात. म्हणून चमचे वाढवायचे नाहीत. आणि पोटात दुखलं, फुगलं, उलटी झाली, तर हे बंद. सरळ डॉक्टर."

गोजरा वाटीकडे बघत राहिली. शेवटी म्हणाली, "आनि येवढा पानी पिऊन जायचा कुठं?"

सुचिताने नवऱ्याकडे पाहिलं. विपुल सोफ्यावर मोबाइल बघत होता.

"कुलूप काढा ना आता," ती म्हणाली.

"अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट आत्ताच परत केलंय. कसं काढू?" मोबाइलवरची नजर न काढता विपुल म्हणाला. मग त्याला आईची दया आली. "आये, तू टेन्शन नको घेऊ. तुला एक चावी बनवून देतो. कोपऱ्यातला एक संडास रिकामा करून देतो. पण फक्त तुला. बाकीच्यांना कळलं ना, तर लाइन लागेल, तो शेठ मला सोडणार नाय."

इथे गोजरा बोलू शकली असती. साहेबाच्या टेबलावर हात आपटून बोलणारी बाई ती. पोटच्या पोराला दोन शब्द सुनावणं तिला जड नव्हतं. पण आठवडाभर रक्त पाहिलेल्या माणसाला आधी स्वतःचा जीव दिसतो. ती गप्प बसली. दुसऱ्या दिवशी चावी आली, ती तिने कमरेच्या बटव्यात तंबाखूच्या डबीखाली ठेवली. झाकली मूठ सव्वा लाखाची.

बर्फवाल्याचं दुकान मंडईच्या मागच्याच अंगाला होतं, हे बरं पडलं. दिवसातून तीन वेळा गोजरा उठायची, म्हणायची, "राही, बर्फ घेऊन येतंय. पाटी बग." राहीबाई मान डोलवायची आणि स्वतःची पाटी जरा सरकवून दोन्ही पाट्यांच्या मधे बसायची. तीस वर्षांची सवय होती ती. फक्त आता राहीबाईची पाळी कधी येत नव्हती.

गोजरा पाण्याची बाटली ओट्याखाली ठेवून वाकून वाकून प्यायची, चोरून दारू प्यावी तशी. पण प्यायची. चौथ्या दिवशी तिचं पोट साफ झालं. पंधरा दिवसांत रक्त थांबलं, डोकं हलकं झालं, ती गिऱ्हाइकांशी हसून बोलायला लागली. आणि शेजारी बसलेल्या बाईला ते दिसणार नाही असं कसं होईल?

"काय गो, तुजा तोंड खुलला हाय," राहीबाई म्हणाली. "काय खातंस?"

"काय नाय. सुनेनं पावडर आनलीय. इसबगोल."

"मना पन दे की थोडी. चार-चार दिस होत नाय. पोरीला सांगाया लाज वाटते."

राहीबाई विधवा होती. मुलगी क्रांती ऐरोलीच्या एका कंपनीत होती, सकाळी आठला जायची ती रात्री आठला यायची. आईशी बोलायला तिला रविवारच मिळे आणि रविवारी आई मंडईत असे. त्यामुळे राहीबाईच्या पोटाची गोष्ट ऐकायला जगात एक गोजराच होती.

दुसऱ्या दिवशी गोजराने जुन्या क्रीमच्या डबीत पावडर भरून आणली. मूळ खोका घरीच राहिला, आणि त्याच्यावरची बारीक अक्षरंही घरीच राहिली. दोघींपैकी कुणाला वाचता येत नव्हतं, तेव्हा त्या अक्षरांनी फार काही केलं असतं अशातला भाग नाही. जे काही करायचं ते गोजराच्या जिभेनेच करायचं होतं.

"कसा घ्यायचा गो?" राहीबाईने विचारलं.

गोजराला ती पालथी वाटी दिसली. मोठा ग्लासभर, हे शब्द अगदी ओठांपर्यंत आले. पण त्या शब्दांच्या पाठोपाठ काय येणार हे तिला चांगलं ठाऊक होतं. ग्लासभर म्हटलं की वरून आणखी ग्लासभर, मग दिवसभर आणखी. मग राहीबाई म्हणणार, येवढा पिऊन जायचा कुठं? मग ती विचारणार, तू कुठं जातंस? मग चावी. चावी निघाली की पोर निघणार, दीड वर्षं जळलेली मोटर निघणार, आणि सगळ्या मंडईसमोर गोजराचं नाक कापलं जाणार. एका ग्लासामागे हे एवढं सगळं उभं होतं.

"दोन चमचे," गोजरा म्हणाली. "थोड्या पान्यासंगती."

थोड्या. एवढा एकच शब्द. खोटं बोलताना माणूस फार मोठं बोलत नाही, तो नुसता खऱ्याला जरा कात्री लावतो.

राहीबाईने तिथेच डबी उघडली. चहावाल्याने आणून दिलेल्या कटिंगचे दोन घोट उरले होते. तिने दोन चमचे पावडर तोंडात टाकली, जरा ठसकली, आणि ते दोन घोट वर ओतले. पाणी मागितलं नाही. पाण्याची सवयच नव्हती ना. तोंड पुसून तिने बोंबलांवरचं फडकं काढलं आणि गिऱ्हाइकाला हाक मारली.

गोजराने हे पाहिलं. दुसऱ्या दिवशीही पाहिलं. रोज पाहिलं. रोज तिच्या मनात येई की आज सांगू. रोज कुणीतरी गिऱ्हाईक येई, पापलेट उलटंपालटं करून बघे, भाव पाडून मागे, आणि सांगायचं राहून जाई. गिऱ्हाईक गेल्यावर ती उठे, बर्फ आणायला जाते म्हणे, आणि राहीबाई तिची पाटी सांभाळी. अशा वेळी स्वतःला फसवायला माणसाला फार कष्ट पडत नाहीत. पावडर तर आहे, त्यात विष थोडंच आहे, असं गोजरा स्वतःला म्हणे. शेवटी झाडाचा भुसाच तो.

तिसऱ्या दिवशी राहीबाई म्हणाली, "काय फरक नाय गो. तीन चमचे घेऊ?"

"नको. तसा नसते करायचा. दोन-तीन दिस लागतात," गोजरा लगेच म्हणाली. जे सांगायला काही किंमत मोजावी लागत नव्हती ते तिने बरोबर सांगितलं. राहीबाईने ऐकलं नाही, चौथ्या दिवशी तीन चमचे घेतले, तेही चहाच्या घोटाबरोबर. पाचव्या दिवशी तिने जेवणाचा डबा उघडला नाही. भाकर जात नाही म्हणाली. पोटावर हात ठेवून ती पाटीमागे वाकून बसली होती.

"दगड झालाय पोटाचा," ती म्हणाली. "वारा पन सरत नाय."

सहाव्या दिवशी, शनिवारी, ती ओट्यामागच्या गटारीपाशी जाऊन ओकली. हिरवं, कडू काहीतरी. उलटी झाली तर बंद, सरळ डॉक्टर: सुचिताचा आवाज गोजराला जसाच्या तसा ऐकू आला. ती राहीबाईच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "ती पावडर आता घेऊ नको. आत्ताच डॉक्टरकडं जा. चल, रिक्षा बोलावतंय."

"पापलेट भरलाय पाटीत. आज नाय विकला त कवा विकू? तीनला जाईन." राहीबाई तोंड पुसून परत ओट्यावर बसली.

त्या वेळी जर गोजराने सांगितलं असतं, की अगं, तुझ्या पोटात बूच बसलंय, मला ठाऊक आहे, मी बघितलंय वाटीत, तर राहीबाई पापलेट टाकून गेली असती. जीव कुणाला प्यारा नसतो? पण गोजराने हे सांगितलं नाही. तिने फक्त राहीबाईचे पापलेट स्वतःच्या पाटीत ओढून घेतले आणि मोठ्या आवाजात ओरडून ओरडून लवकर विकून दिले. अडीच वाजता राहीबाईला रिक्षात बसवलं. आपण बरंच केलं, असं तिला तेव्हा वाटलंसुद्धा. राहीबाई डॉक्टरकडे न जाता घरी जाऊन पडली.

रविवारी सकाळी शेजारचा ओटा रिकामा होता. दहाच्या सुमाराला सुचिताचा फोन आला. राहीमावशीला पहाटे हॉस्पिटलात नेलंय, आतडं फुटलंय, ऑपरेशनला घेतलंय.

सासू-सुना पोचल्या तेव्हा क्रांती ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बाकावर बसली होती. तिच्या हातात ती क्रीमची डबी होती. डॉक्टरांनी नुकतंच बाहेर येऊन तिला सांगितलं होतं, की आत इसबगोलचा सुकलेला गोळा अडकला होता. बरेच दिवस अडकला असणार. मागे सगळं तुंबलं, ताण आला आणि आतडं फाटलं. जीव वाचेल, पण तेवढा तुकडा काढावा लागला, आणि काही महिने तरी पोटालाच भोक पाडून पिशवी लावावी लागेल.

"मावशी, हे तुम्ही दिलं होतंत?" क्रांतीने विचारलं.

"व्हय."

"पाण्याचं काही सांगितलं होतं तिला? डॉक्टर म्हणतात, हे कोरडं घेतलं असणार."

सुचिता शेजारीच उभी होती. तिनेही सासूकडे पाहिलं. कॉरिडॉरमध्ये कुणीतरी चाकांची खुर्ची ढकलत नेत होतं, ती जाईपर्यंत गोजराला वेळ मिळाला. तेवढा वेळ पुरेसा होता.

"सांगितला होता," ती म्हणाली. "ग्लासभर पान्यात घे म्हनून बजावला होता. तीन चमचे नको घेऊ, ह्ये पन सांगितला. ती कुनाचा ऐकते?"

क्रांती रडायला लागली. "ऐकतच नाही. कधीच कुणाचं ऐकत नाही. मी किती वेळा सांगते पाणी पी, पाणी पी."

असा राहीबाईवर निकाल लागला, आणि तेव्हा ती टेबलावर उघडी पडलेली होती. घरी येताना रिक्षात सुचिता एवढंच म्हणाली, "तुम्ही सांगितलंत ते बरं झालं, आई." ती खरंच म्हणाली की टोमणा मारला, हे गोजराला कळलं नाही. तिने विचारायची हिंमतही केली नाही.

मंडईत दोन दिवसांत सगळ्यांना कळलं, की राहीबाईने सांगितलेलं ऐकलं नाही, म्हणून तिच्यावर ही पाळी आली. बायका हळहळल्या. एकीने शहाणपण सांगितलं, की इंग्रजी काय नि देशी काय, औषध विचारूनच घ्यावं. विपुलने संस्थेतर्फे हॉस्पिटलात फळांची करंडी पाठवली आणि करंडीचा फोटो स्टेटसला ठेवला. घरी तो आईला म्हणाला, "बघितलंस ना? म्हणून मी सांगतो, पाणी पीत जा." त्याला दोन थोबाडीत द्याव्यात असं गोजराला वाटलं. पण कोणत्या तोंडाने देणार? तिने राहीबाईचं गोणपाट रिकाम्या ओट्यावर अंथरून ठेवलं, कुणी जागा घेऊ नये म्हणून. तेवढंच तिच्या हातात होतं, असं ती स्वतःला सांगत होती. खरं म्हणजे हातात बरंच काही होतं. ते बटव्यात होतं.

ऑपरेशननंतर सहाव्या दिवशी ती एकटीच हॉस्पिटलात गेली. राहीबाईला वॉर्डात आणलं होतं. तीस वर्षं पाट्या उचललेली ती बाई चादरीखाली एवढीशी दिसत होती. क्रांतीला औषधं आणायला खाली जायचं होतं, ती मावशीला बसवून गेली. नर्सने टेबलावर पाण्याचा ग्लास आणि चमचा ठेवला.

"आजपासून पाणी द्यायचंय यांना," नर्स म्हणाली. "चमच्या-चमच्याने पाजा. घाई नको."

नर्स गेली. राहीबाईने डोळे उघडले.

"क्रांती सांगत होती," ती हळू आवाजात म्हणाली, "तू मना ग्लासभर पानी सांगितला होतास."

गोजराने चमचा हातात घेतला आणि परत ठेवला.

"मना याद नाय. म्हातारी झाली, ईसरली असन," राहीबाई म्हणाली. ती गोजराच्या तोंडाकडे बघत होती. "तू सांगितला असशीलच."

गोजरा खाली बघत राहिली. पलीकडच्या खाटेवरच्या बाईचा नवरा तिला संत्रं सोलून देत होता.

"राही," शेवटी गोजरा म्हणाली, "माज्याकडं चावी होती."

"मना ठाव होता."

गोजराने मान वर केली.

"पयल्या दिवसापासना ठाव होता," राहीबाई म्हणाली. तिला धाप लागत होती, ती थांबत थांबत बोलत होती. "बर्फ आनाया जायचीस नि कोरड्या हातांनी यायचीस. पायांना फिनेलचा वास यायचा. मी काय येडी हाय?"

"मग बोलली का नाय?"

"तुजा पोर. तू आपनहून सांगशील, म्हनून वाट बगत होती. बोललो असतो दोघी विपुलशी. नाय त नाय. पाटी त मीच सांबालत होती ना तुजी." राहीबाईने डोळे मिटले. "चावीचा मना ठाव होता गो. पान्याचा ठाव नवता."

गोजराच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने घाईघाईने कमरेचा बटवा सोडला, तंबाखूच्या डबीखालून चावी काढली आणि राहीबाईच्या उशाशी ठेवली. "ही घे. तू बरी होऊन ये. उद्याच ता कुलूप तोडतंय, सगल्यांदेखत. विपुलला काय म्हनायचा ता म्हनू दे."

राहीबाईने डोळे उघडले आणि चावीकडे पाहिलं. मग तिने चादर पोटावरून जराशी बाजूला केली. पोटाला लावलेली पिशवी अर्धी भरलेली होती. तिने चादर परत ओढून घेतली.

"मना आता ती काय करायची?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर गोजराला तो सोसला असता.

गोजराने चावी उचलली नाही. तिला दुसरं काही सुचेना, म्हणून तिने ग्लास उचलला, चमचा बुडवला आणि राहीबाईच्या ओठांशी नेला. थोडं पाणी उशीवर सांडलं. राहीबाईचे ओठ सुकून तडकले होते. तिने ते मिटून घेतले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"क्रांतीला येऊ दे," ती म्हणाली. "तिच्या हातनं पिईन."

गोजराने चमचा ग्लासात ठेवला. क्रांती येईपर्यंत ती तो भरलेला ग्लास हातात धरून बसून राहिली.